गगनमार्गातील संक्षोभ : ठाणे-कल्याणच्या आकाशावरून एक ऐतिहासिक आढावा

१

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसराचा इतिहास लिहिताना खाडी, बंदर, घाटवाट आणि लोहमार्ग ही चार साधने आपले अभ्यासक नेहमी विचारात घेतात. कल्याणच्या बंदरातून नाणेघाटाकडे जाणारा व्यापारी मार्ग प्राचीन आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून आगगाडी ठाण्यास आली आणि पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. या परिसराचा पाचवा मार्ग मात्र आकाशातून जातो, आणि त्याची दखल आपल्या इतिहासलेखनात क्वचितच घेतली जाते.

नकाशावर मुंबईच्या विमानतळापासून नागपूरपर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती डोंबिवली आणि कल्याणच्या अगदी जवळून जाते व हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सह्याद्री ओलांडते. मुंबईहून कलकत्त्याच्या दिशेने काढलेली रेषाही या शहरांपासून फार दूर नाही. म्हणजे सातवाहनकालीन व्यापाऱ्याने पायी ओलांडलेली डोंगराची भिंतच आजचा वैमानिक दहा किलोमीटर उंचीवरून ओलांडतो. ही भिंत, तिच्यावर आदळणारा मोसमी वारा आणि तिच्यावर उभे राहणारे वळिवाचे मेघ यांच्याशी त्याचा संबंध त्या उंचीवरही सुटत नाही.

उड्डाण स्थिरावले आहे, प्रवासी निश्चिंत आहेत, आणि अकस्मात हवा विमानाला उचलते, आपटते, हिसडते. अशा प्रसंगी वैमानिकाने काय करावे याची रीत गेल्या शंभर वर्षांत हळूहळू घडत गेली आहे. तिचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास यंत्रांचा आणि अपघातांचा आहे, तितकाच तो शब्दांचाही आहे, हे त्यातून दिसून येईल असे वाटते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी वृत्तपत्रांत आणि बोलण्यात अशा घटनेस ‘विमान हवेच्या पोकळीत सापडले’ असे म्हणण्याची वहिवाट आहे. ही कल्पना विमानविद्येच्या बाल्यावस्थेतील आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपीय व अमेरिकन वैमानिकांना विमान एकाएकी खाली जाण्याचे कारण उमगत नव्हते. हवेत जागोजाग खळगे असावेत असा तर्क त्यांनी केला, आणि ‘एअर पॉकेट’ हा शब्द रूढ झाला. वस्तुतः हवेत पोकळी नसते. तेथे हवा पूर्ण भरलेली असते, फक्त ती खाली किंवा वर वाहत असते. नदीच्या भोवऱ्यात सापडलेल्या होडीखालचे पाणी नाहीसे झालेले नसते, त्यातलाच हा प्रकार होय.

शास्त्रीय पातळीवर पाहिले तर ऑस्बर्न रेनॉल्ड्‌सने १८८३ साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची रेघ सोडून प्रवाहाचे दोन प्रकार दाखविले. विशिष्ट मर्यादेपर्यंत रेघ सरळ राहते, ती ओलांडली की रेघ मोडून सर्वत्र मिसळते. रेनॉल्ड्‌सने या दुसऱ्या प्रकारास नागमोडी गती असे म्हटले होते. पुढे १८८७ साली लॉर्ड केल्व्हिनने लॅटिनमधील ‘टर्बा’, म्हणजे गर्दी किंवा गलबला, या शब्दाशी नाते असलेला ‘टर्ब्युलन्स’ हा शब्द या अर्थी वापरला.

मराठीत यासाठी विक्षोभ, प्रक्षोभ, संक्षोभ असे शब्द सुचतात. तिन्हींच्या मुळाशी ‘क्षुभ्’ हा धातू आहे. ढवळणे, खवळणे हा त्याचा मूळ अर्थ होय, आणि संस्कृत वाङ्मयात तो समुद्राच्या संदर्भात वारंवार येतो. मराठीत मात्र ‘क्षोभ’ आणि ‘प्रक्षोभ’ हे शब्द रागाकडे व जनमताकडे झुकले आहेत. ‘विक्षोभ’ हा हिंदीतून वायव्येकडून येणाऱ्या हिवाळी हवामानप्रणालीसाठी रूढ होत चालला आहे. उरला ‘संक्षोभ’. त्यावर दुसऱ्या अर्थाचे ओझे कमी आहे, म्हणून या लेखात तोच वापरला आहे.

लोकभाषेकडे पाहिले तर तिच्याजवळ श्रेणी दाखविणारे शब्द आधीपासूनच आहेत. होडी हेलकावे खाते, बैलगाडी गचके खाते, आणि दावे तुटेल असा हिसका बसतो. हेलकावा, गचका, हिसका हा चढता क्रम कोणाही मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाही. या क्रमाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३

मुंबईच्या आकाशातील नियमित हवाई टपालाचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होई, म्हणून त्या महिन्यांत सेवेचा तळ पुण्यास हलवावा लागे. मोसमी हवेपुढे तत्कालीन विमानविद्या किती हतबल होती, याचा हा बोलका पुरावा होय. हलके विमान, कमी उंची आणि खाली सह्याद्री अशा स्थितीत वैमानिकास हवेची प्रत्येक हालचाल अंगावर सोसावी लागे. तथापि या विमानांचा वेगही कमी होता, त्यामुळे धक्का सांगाड्याला मोडण्याइतका क्वचितच बसे.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. यासाठी डाकोटा विमाने वापरली जात. त्यांच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे ती मेघांच्या वरून जाऊ शकत नसत, आणि मेघ दाखविणारे रडार त्यांच्यात नव्हते. पावसाळ्याच्या रात्री घाटावरील मेघांतून वाट काढताना वैमानिकाजवळ विजेचा लखलखाट, पूर्वानुभव आणि हवामान कचेरीचा कागद एवढीच साधने असत.

या भिंतीचे भय केवळ संक्षोभापुरते नव्हते. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे ‘फ्रानेकर’ हे कॉन्स्टेलेशन विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ माणसे दगावली. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान मुंबईकडे उतरताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आपटले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. हे अपघात संक्षोभाचे नव्हेत. दुसऱ्या अपघातात विमान वेळेपूर्वीच खाली आणले गेले होते. परंतु दोन्ही जुलै महिन्यातील आहेत, आणि मुंबईच्या पूर्वेकडील मार्गावर डोंगर व मोसमी मेघ यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे त्यांवरून दिसते.

डोंगर वरच्या हवेवर काय परिणाम करतो, याचा आपल्याकडील शास्त्रीय अभ्यास याच सुमारास झाला. भारतीय हवामानशास्त्र खात्यातील आर. पी. सरकार यांनी १९६५ साली पश्चिम घाटावरील गिरितरंगांचे सैद्धांतिक विवेचन प्रसिद्ध केले, आणि पुढील वर्षी मुंबई-पुणे छेदावर आधारलेले घाटातील पर्जन्याचे गणिती प्रतिरूप मांडले. वाहत्या ओढ्यात बुडालेल्या दगडामागे पाण्यावर जशा स्थिर लाटा उठतात, तशा लाटा वारा डोंगर ओलांडताना हवेत उठतात. अनुकूल परिस्थितीत त्या डोंगराच्या कित्येक पट उंचीपर्यंत पोहोचतात. लाट अखंड असते तोवर विमान संथपणे वरखाली होते. ती फुटली की संक्षोभ उत्पन्न होतो.

४

जेट युगाचा आरंभ २ मे १९५२ रोजी झाला. त्या दिवशी बीओएसी कंपनीचे कॉमेट विमान लंडनहून जोहान्सबर्गकडे निघाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, त्याच कंपनीचे दुसरे कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघाले आणि अवघ्या काही मिनिटांत जागलगोरी गावाजवळ तुकडे होऊन पडले. ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. दुपार उलटून गेली होती, आणि वाटेत कालबैशाखीचे वादळ उभे होते. आपल्याकडे वळीव जसा चैत्र-वैशाखात दुपारनंतर अंगावर येतो, तसाच पण त्याहून उग्र असा हा बंगालचा झंझावात होय.

भारत सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाचा निष्कर्ष असा, की विमानाचा सांगाडा हवेतच मोडला. त्याचे कारण एकतर वादळातील तीव्र झोत असावेत, किंवा वैमानिकाने त्या झोतांना उत्तर देताना नियंत्रणे प्रमाणाबाहेर हलविली असावीत. पुढे १९५४ साली कॉमेटच्या आणखी दोन अपघातांतून धातूच्या शिणाचा प्रश्न पुढे आला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. परंतु कलकत्त्याच्या निष्कर्षातील ‘किंवा’ हा शब्द वैमानिकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला. निसर्गाचा धक्का आणि माणसाने त्याला दिलेले उत्तर, या दोहोंपैकी कोणीही विमान मोडू शकते, ही शंका येथे अधिकृतपणे नोंदली गेली.

मेघाच्या पोटात काय चालते याची माहिती तोवर उपलब्ध झाली होती. अमेरिकेत १९४६ साली फ्लॉरिडात आणि १९४७ साली ओहायोत होरेस बायर्स व रॉस्को ब्रॅहम यांनी लढाऊ विमाने निरनिराळ्या उंचींवरून मुद्दाम गडगडाटी वादळांतून नेली. एकाच मेघात वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन जोरकस प्रवाह शेजारी शेजारी असतात, हे त्यांनी सिद्ध केले. दोहोंच्या सीमेवरून वेगाने जाणाऱ्या विमानास क्षणात एक आणि दुसऱ्या क्षणात उलट असा झोत बसतो. यातून पहिला नियम निघाला : मेघाला भिडायचे नाही, त्याला वळसा घालायचा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून प्रवासी विमानांत रडार बसू लागले आणि हा नियम रात्रीही पाळता येऊ लागला. आज मोठ्या गडगडाटी मेघापासून वीस सागरी मैलांचे अंतर ठेवावे असे शिकविले जाते.

रडारची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्याला जलबिंदू दिसतात, कोरड्या गारा अंधुक दिसतात, आणि निरभ्र हवेतील संक्षोभ तर मुळीच दिसत नाही.

५

निरभ्र आकाशातील संक्षोभाचा शोध हा भाषेच्या अभ्यासकास विशेष बोधप्रद आहे. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेतील अतिवेगवान पश्चिमी वारे मोजले. आपले काम जगाने वाचावे या इच्छेने त्यांनी १९२६ साली ते एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले. परिणामी ते जवळजवळ कोणीच वाचले नाही. १९४४ च्या अखेरीस जपानवर बॉम्बफेक करण्यास निघालेल्या अमेरिकन वैमानिकांना त्याच वाऱ्यांनी चकित केले. माहिती खरी असून भागत नाही, ती ज्याला हवी त्याच्या भाषेत पोहोचावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आपल्या आकाशातही असे वेगवान पट्टे आहेत. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी झोतवारा वाहतो. पावसाळ्यात द्वीपकल्पावरून, सुमारे चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून झोतवारा वाहतो. पी. कोटेश्वरम् यांनी त्याचे विवेचन १९५८ साली प्रसिद्ध केले. अशा पट्ट्यांच्या कडांवर थोड्या उंचीत वाऱ्याचा वेग फार बदलतो, थर एकमेकांवर घासतात, आणि मेघाचा मागमूस नसताना हवा ढवळून निघते.

या थरांत उडणाऱ्या जेट विमानास एक नवी अडचण आली. हवा विरळ असल्यामुळे विमान फार मंद झाले तर पंखांची उचल नाहीशी होते, आणि फार वेगात गेले तर पंखांवरील प्रवाह ध्वनिवेगास भिडून विमान थरथरू लागते. या दोन मर्यादांमधील अंतर उंचीबरोबर कमी होत जाते. त्यामुळे वादळात शिडे उतरविणाऱ्या नावाड्याप्रमाणे वेग हवा तेवढा कमी करण्याची मोकळीक जेट वैमानिकास नसते. त्याला मधला एकच योग्य वेग पकडावा लागतो. उदाहरणार्थ, बोइंग ७३७ च्या प्रचलित पिढीसाठी तो २८० नॉट किंवा माख ०.७६, यांपैकी जो कमी तो, असा ठरविलेला आहे.

१२ फेब्रुवारी १९६३ रोजी मायामीहून निघालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे बोइंग ७२० विमान वादळी हवेत प्रथम प्रचंड वेगाने वर उचलले गेले, मग नाक खाली करून कोसळले आणि हवेतच फुटले. ४३ जण मरण पावले. चौकशीत असे ठरले, की हवेचे तीव्र ऊर्ध्वाधर प्रवाह आणि वैमानिकांनी नियंत्रणांची केलेली मोठी हालचाल यांचा घातक संयोग झाला. कलकत्त्याच्या निष्कर्षात जो ‘किंवा’ होता, त्याच्या जागी येथे ‘आणि’ आला. दहा वर्षांत एका उभयान्वयी अव्ययाच्या बदलाने वैमानिकांचे शिक्षण बदलले, असे म्हटले तरी चालेल.

नवे शिक्षण थोडक्यात असे : वेगदर्शक व उंचीदर्शक काटे झोतांमुळे नाचत असतात, त्यांच्या मागे धावू नये. कृत्रिम क्षितिजावर नजर ठेवून विमानाचा क्षितिजाशी असलेला कोन आणि पंखांची समपातळी राखावी. इंजिनाचा जोर योग्य तेथे ठेवून मग वारंवार हलवू नये. उंची शे-दोनशे फूट बदलली तर बदलू द्यावी. ऑटोपायलट धरून राहात असेल तर त्याला काम करू द्यावे. नियंत्रणे हलवावी लागली तर ती हळुवार हलवावीत. सारांश, आवेगाने काही करण्यापेक्षा संयमाने थोडे करावे. अनुभवी माणसाच्या अंगी जे सहज येते तेच येथे प्रयत्नपूर्वक शिकवावे लागले, कारण आपटणाऱ्या विमानात हाताला स्वस्थ ठेवणे ही सर्वांत कठीण गोष्ट आहे.

तरीही हवेचा जोर कधीकधी माणसाच्या कौशल्यापलीकडे जातो. ५ मार्च १९६६ रोजी टोकियोहून निघालेले बीओएसीचे बोइंग ७०७ विमान लख्ख उन्हात फुजी पर्वताच्या वाताड आडोशास फुटलेल्या गिरितरंगात सापडून मोडले. १२४ जणांचा अंत झाला. तेव्हापासून मोठ्या डोंगरापलीकडची हवा टाळण्याचा उपदेश अधिक गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

६

अलीकडच्या तीन घटना या इतिहासाशी जोडून पाहण्याजोग्या आहेत.

१ मे २०२२ रोजी मुंबईहून अंडाळ-दुर्गापूरकडे गेलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ विमान उतरणीच्या वेळी तीव्र संक्षोभात सापडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या माहितीनुसार गुरुत्वभार अधिक २.६४ ते उणे १.३६ असा बदलला, ऑटोपायलट सुटला, आणि सुमारे दोन मिनिटे वैमानिकांनी विमान हाताने चालविले. १४ प्रवासी व ३ कर्मचारी जखमी झाले. जखमी प्रवाशांपैकी एक जण काही महिन्यांनी मरण पावला. उणे १.३६ याचा अर्थ असा, की त्या क्षणी न बांधलेला माणूस आपल्या वजनाच्या सव्वापटीहून अधिक जोराने छताकडे फेकला जातो. मे महिन्याचे तेच पहिले दिवस, तोच बंगाल, आणि कॉमेटच्या अपघातास ६९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उणा. फरक हा, की या वेळी विमानाचा सांगाडा अभंग राहिला. विमान आता मोडत नाही, आतला माणूस मोडतो.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान ३७,००० फुटांवर, म्यानमारमधील इरावतीच्या खोऱ्यावर, याच प्रकारात सापडले. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले, आणि विमान बँकॉकला उतरविण्यात आले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘विमान सहा हजार फूट कोसळले’ असे छापले. तपासयंत्रणेच्या प्राथमिक अहवालात मात्र असे आढळले, की घातक क्षणी विमानाची उंची केवळ १७८ फुटांनी घटली होती, आणि सर्व प्रकार पाच सेकंदांच्या आत संपला होता. सहा हजार फुटांची उतरण ही नंतर वैमानिकांनी नियंत्रणाखाली, शांतपणे केलेली होती.

बरोबर एक वर्षाने, २१ मे २०२५ रोजी, दिल्लीहून श्रीनगरला जाणारे इंडिगोचे एअरबस विमान ३६,००० फुटांवर पठाणकोटजवळ गारपिटीच्या मेघासमोर आले. सीमेकडे वळण्याची परवानगी मिळाली नाही, लाहोरनेही आपले आकाश नाकारले. मागे फिरण्याचा प्रयत्न झाला, पण मेघ फार जवळ होता, म्हणून वैमानिकांनी जवळच्या वाटेने तो पार करण्याचे ठरविले. आत ऑटोपायलट सुटला, वेगदर्शक अविश्वसनीय झाले, आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला ८,५०० फुटांपर्यंत गेला. मेघातून बाहेर पडेपर्यंत विमान हाताने चालविले गेले. नाकाचे आवरण फुटले, पण कोणासही इजा झाली नाही. मेघास वळसा घालण्याचा नियम वैमानिकाने पाळायचा असला, तरी वळसा घालण्यास जागा देणे हे राज्यांच्या हाती असते, एवढे या घटनेवरून ध्यानात येते.

७

संक्षोभाची सर्वांत उपयुक्त सूचना आजही पुढे गेलेल्या वैमानिकाकडूनच मिळते. तो नभोवाणीवरून सौम्य, मध्यम, तीव्र असा शब्द उच्चारतो आणि मागचा त्यावरून मार्ग बदलतो. परंतु या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या विमानावर अवलंबून असतो. अजस्र विमानाला जो गचका, तोच लहान विमानाला हिसका. पॉल मॅक्रेडी यांनी १९६४ साली असे सुचविले, की विमानाला काय वाटले हे न सांगता हवेतील भोवऱ्यांची ऊर्जा किती वेगाने विरते ते सांगावे. ते माप विमाननिरपेक्ष असते. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी ते स्वीकारले, आणि आज अनेक विमाने ते आपोआप कळवितात. एका सापेक्ष विशेषणाच्या जागी एक निरपेक्ष संख्या येण्यास अशी कित्येक दशके लागली.

हा प्रश्न मागे पडणारा नाही. रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली दाखविले, की उत्तर अटलांटिकवरील एका ठराविक स्थळी निरभ्र हवेतील तीव्र संक्षोभाचा वार्षिक काळ १९७९ ते २०२० या अवधीत ५५ टक्क्यांनी वाढला. इकडे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. कल्याण-डोंबिवलीच्या माथ्यावरील वर्दळ त्यामुळे वाढणार, आणि त्या विमानांत याच शहरांतील माणसे बसणार हे उघड आहे.

या प्रवाशाच्या दृष्टीने शब्दांचा प्रश्न केवळ कोशाचा उरत नाही. ‘पोकळी’ म्हटले की ती येते आणि जाते, तिच्यापुढे इलाज नाही, अशी समजूत होते, आणि ‘सहा हजार फूट कोसळले’ म्हटले की भय तेवढे उरते. दोहोंपैकी कोणताही शब्द पट्टा बांधून बसण्यास सांगत नाही. १७८ फुटांच्या हालचालीत माणूस मरू शकतो, आणि तो मुख्यतः पट्टा नसल्यामुळे छताला आदळून मरतो, ही वस्तुस्थिती त्या शब्दांत झाकली जाते. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘संक्षोभ’ आणि विमानातील मराठी सूचनांत ‘हेलकावे, गचके, हिसके’ ही चढती श्रेणी योजावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाठ्यपुस्तकांतून व वृत्तपत्रांतून ‘हवेची पोकळी’ हा शब्दप्रयोग काढून टाकावा. हवा तेथे असते, ती वाहत असते, आणि तिचा हिसका बसण्यापूर्वी पट्टा बांधलेला असावा लागतो. वैमानिकांनी सत्तर वर्षांत किंमत मोजून जे शिकून घेतले, त्यातील प्रवाशाच्या वाट्याचा भाग एवढाच आहे, आणि तो त्याच्या भाषेत सांगता येण्याजोगा आहे.